लिफ्टमनचा रकाना

इस्पितळात त्याला सगळे 'जावई' म्हणत. कागदोपत्री तो जनसंपर्क अधिकारी होता. केबिनच्या दारावर तशी पाटी होती, पाटीवर नावापुढे पदवी होती आणि टेबलावर शिपायाला बोलवायची घंटीही होती. पण इस्पितळाची लिफ्ट चालवणारे अण्णा त्याचे सासरे, आणि अण्णांना तिथे तेहतीस वर्षं झालेली. मग पाटी कोण वाचत बसतंय? 'अण्णांच्या जावयाकडे जा' म्हटलं की माणूस बरोबर केबिनशी पोचायचा. नव्या माणसाला वाटे, हे पदाचंच नाव असावं.

खुद्द अण्णा मात्र शिस्तीचे. फाटकाच्या आत 'साहेब' आणि घराच्या उंबऱ्याच्या आत 'जावईबापू', यात कधी गल्लत नाही. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ते लेकीकडेच राहत होते. सासरा-जावई सकाळी एकाच बसने शेजारी बसून यायचे, आणि फाटकाशी उतरल्यावर अण्णा दोन पावलं मागे राहायचे. साहेबाने पुढे चालायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. जावयाला आधी संकोच वाटला, मग सवय झाली, मग ते आवडायलाही लागलं. माणूसच तो.

अण्णांची लिफ्ट जुन्या पद्धतीची होती. लोखंडी जाळीचं दार, पितळी दांडा, कोपऱ्यात लाकडी स्टूल. दांडा नेमका कधी सोडायचा हे हाताला कळावं लागे. जरा चुकलं की लिफ्ट मजल्याच्या चार बोटं वर थांबायची आणि स्ट्रेचरवरच्या माणसाला दणका बसायचा. अण्णांच्या हातून असा दणका बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. शिवाय चार मजले चढेपर्यंत ते नातेवाइकांना खाट कुठली, तपासणीचा कागद कुठल्या खिडकीत मिळतो, आज सिस्टरबाईंचा पारा किती वर आहे, हे सगळं सांगून टाकत. चौकशीच्या खिडकीवरची बाई त्यामुळे निवांत विणकाम करायची.

ही लिफ्ट काढून तिथे नवी, स्वयंचलित लिफ्ट बसवायचं ठरलं. लिफ्ट बसवणारे लोक म्हणाले, चाळीस दिवस लागतील. पण इस्पितळाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, ते नुकतेच एका परिसंवादाला जाऊन आले होते. प्रकल्प बुडतात ते कामामुळे नव्हे, संवादाच्या अभावामुळे, असं त्यांना तिथे कळलं होतं. म्हणून लिफ्टच्या आधी सल्लागार आला.

सल्लागार तरुण, तरतरीत, आणि प्रत्येक वाक्यानंतर 'बरोबर?' म्हणणारा. त्याने पडद्यावर पहिलंच वाक्य दाखवलं: 'प्रत्येक हितसंबंधी व्यक्तीला योग्य माहिती, योग्य वेळी, योग्य माध्यमातून.' मग हितसंबंधींची यादी सुरू झाली. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण, रुग्णांचे नातेवाईक, नातेवाइकांना सोडायला येणारे रिक्षावाले, समोरचा औषधवाला, फाटकाशी वर्तमानपत्रं विकणारी बाई. दोन दिवसांत यादी पासष्टावर गेली. तिसऱ्या मजल्यावरचं मांजर तेवढं राहिलं.

यादीतलं प्रत्येक नाव एका चौकोनी तक्त्यात बसवायचं होतं. उभ्या बाजूला वजन, म्हणजे हा माणूस प्रकल्प अडवू शकतो का. आडव्या बाजूला आस्था, म्हणजे याचं प्रकल्पावाचून काही अडतं का. वजन आणि आस्था दोन्ही भरपूर असलेल्यांचा कोपरा सगळ्यात मानाचा. त्यांना आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष भेटून सगळं सांगायचं. तिथे मोठे डॉक्टर होते, विश्वस्त होते, इस्पितळाला ज्यांनी जमीन दिली त्यांचा नातू होता. मग अण्णांचं नाव आलं आणि घोडं अडलं.

"लिफ्टमनला कसलं वजन?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"तसं म्हणू नका," शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख म्हणाले. "मागच्या महिन्यात त्यांनी मला पंधरा मिनिटं खाली उभं केलं. बाळंतीण आधी, म्हणाले. मी उभा राहिलो."

आस्थेबद्दल तर वादच नव्हता. लिफ्टमध्ये लिफ्टमनपेक्षा जास्त आस्था कुणाला असणार? सूत्राप्रमाणे अण्णा थेट मानाच्या कोपऱ्यात जाऊन बसले, मोठ्या डॉक्टरांच्या नावाखाली, एक ओळ सोडून. मोठ्या डॉक्टरांनी पडद्याशी जाऊन ओळी बोटाने मोजल्या. मग म्हणाले, तक्त्यात काहीतरी चुकतंय.

सल्लागार हुशार होता. त्याने दुसरा कागद काढला. 'तुम्हाला इस्पितळाची माहिती कुठून मिळते?' असा प्रश्न त्याने शंभर कर्मचाऱ्यांना विचारला होता. सूचनाफलक, सहा. परिपत्रक, चार. जनसंपर्क कार्यालय, दोन. लिफ्ट, अठ्ठ्याऐंशी. जावयाने मान खाली घातली. त्या दोघांतले एक अण्णाच होते, हे त्याला ठाऊक होतं.

"म्हणजे हे हितसंबंधी नाहीतच," सल्लागार म्हणाला. "हे माध्यम आहेत. बरोबर?"

सगळ्यांना ते एकदम पटलं. सूचनाफलक, ध्वनिक्षेपक, पत्रक, लिफ्टमन, असा रकाना तयार झाला. एक नाव एकाच रकान्यात बसायचं, दोन ठिकाणी लिहिलं की संगणक तांबडा व्हायचा, म्हणून हितसंबंधींच्या यादीतून अण्णा पुसले गेले. सूचनाफलकाला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, त्यामुळे पुढे काही प्रश्नच उरला नाही.

प्रश्न होता तो योजनेच्या शेवटच्या पानावर. 'नव्या लिफ्टला चालक लागणार नसल्याने लिफ्टमन हे पद रद्द करण्यात येत आहे. सदर कर्मचाऱ्याने जुन्या केसपेपरांच्या विभागातील रिक्त जागेसाठी पुढील महिन्याच्या वीस तारखेला सायंकाळी पाचपर्यंत अर्ज केल्यास त्यास प्राधान्य राहील. अन्यथा मुदतपूर्व निवृत्ती. संबंधितास संवाद योजनेनुसार कळवावे.'

संवाद योजनेनुसार कुणाला काय कळवायचं ते हितसंबंधींच्या यादीत होतं. यादीत अण्णा नव्हते. जावयाने बोट वर करून हे सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, मुद्दा रास्त आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. पुढची बैठक त्याच महिन्याच्या बावीस तारखेला होती. वीस तारखेच्या आत खास बैठक बोलवता येईल का, असंही त्याने विचारलं. येईल, पण चौसष्टही जणांना सात दिवस आधी लेखी कळवावं लागेल, आणि त्या कळवण्याचा मसुदा बैठकीत मंजूर व्हावा लागेल. शिवाय योजनेबाहेर कुणीही, कुणालाही, काहीही बोलणार नाही, अशा कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. जावयाची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्याने सगळ्यात सुवाच्य सही केली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. ज्याला सांगायचं तो माणूस रोज संध्याकाळी समोरच्या ताटावर बसलेला, आणि हा त्याच्यासाठी रकाना शोधतोय.

घरी अण्णांचा उत्साह उतू जात होता. माध्यम म्हणून त्यांना नव्या लिफ्टचं रंगीत माहितीपत्रक मिळालं होतं, आणि त्यातला मजकूर लोकांना जसाच्या तसा सांगायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, अशी तंबीही. त्यांनी सगळं तोंडपाठ केलं होतं. जेवताना ते लेकीला सांगत, "एका वेळी दोन स्ट्रेचर. दार आपोआप. दिवे गेले तरी पुढच्या मजल्यावर येऊन उभी राहते, मध्ये लटकत नाही. लोकांचे किती हाल वाचतील."

"आणि तुमचे?" लेक म्हणाली. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि तिला कुठे पाणी मुरतं ते पटकन दिसायचं.

"माझे कसले हाल? मला बटणं शिकावी लागतील, शिकेन. चार वर्षं राहिलीत, फुकट कशाला घालवू? घरी बसलो तर गंजेन. तुझी आई गेली त्या पंधरवड्यात बसलो होतो, आठवतंय ना?"

तिला आठवत होतं. जावयालाही आठवत होतं. अण्णा त्या पंधरवड्यात खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की उठून दार उघडत. येणारा वरच्या मजल्यावर जाई. सोळाव्या दिवशी ते कामावर गेले आणि माणसात आले.

"जावईबापू, एक विचारायचं होतं," अण्णा म्हणाले. "माहितीपत्रकात स्टुलाचं काही दिलेलं नाही. आतली जागा तर मोठी दिसते. स्टूल मावेल ना?"

जावयाने पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश, तळ दिसेपर्यंत प्यायला.

त्या रविवारी अण्णांनी स्टूल घरी आणलं. नव्या लिफ्टमध्ये जुनाट दिसायला नको म्हणून ते त्याला रंग देणार होते. जावई पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसला आणि दोन तास स्टुलाचे पाय घासत राहिला. मधूनच तो म्हणे, "अण्णा, जुन्या केसपेपरांच्या विभागात काम कसं असतं हो?" किंवा, "माणसाने कधीतरी बदल करून बघावा, नाही का?" ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा. अण्णा म्हणाले, "तिथे तळघरात कोण जाणार, ना माणूस ना काणूस," आणि चौथा पाय त्याच्यापुढे केला.

तो गप्प का राहिला, याची कारणं त्याच्याकडे होती. सही केली आहे. नोकरी कायम व्हायची आहे. आणि नुसतं तोंडी सांगून उपयोग काय, अर्जाला पद रद्द झाल्याचं पत्र जोडावं लागणार, पत्र योजनेशिवाय निघणार नाही. हे तिसरं कारण त्याचं फार लाडकं होतं. कारण त्यात त्याची काहीच चूक नव्हती. खरं कारण एवढंच, की त्याला भीती वाटत होती. अण्णांचा चेहरा कसा होईल, तो बघायची भीती. बाकी सगळी कागदपत्रं.

वीस तारीख उजाडली. सकाळी तो आस्थापना विभागात गेला. तिथल्या बाईंची नोकरी अण्णांपेक्षा दोन वर्षांनी कमी, आणि आवाज दुप्पट.

"पत्र कशाला जोडायचं?" त्या म्हणाल्या. "साध्या कागदावर दोन ओळी लिहून दिल्या तरी चालतं. खिडकी पाचला बंद होते. पण सहा आठवडे झाले, अण्णा आले कसे नाहीत? मला वाटलं, घरात बोलणं झालं असेल आणि त्यांनीच नको म्हटलं असेल."

जावयाचं तिसरं कारण गेलं होतं. उरलेली दोन त्याला अचानक फार लहान वाटू लागली. तो तडक लिफ्टकडे निघाला. लिफ्ट बंद होती. अण्णा नव्या लिफ्टविषयीच्या दुपारच्या खुल्या सभेसाठी खुर्च्या लावायला गेले होते, आणि सभागृहात त्यांच्या भोवती सल्लागार, मोठे डॉक्टर आणि अर्धं इस्पितळ होतं. त्याने दारातून पाहिलं आणि परत फिरला. सभा संपली की सांगू, असं ठरवलं. सभा तीन ते चार होती.

ती सुरूच झाली साडेतीनला. सगळे चौसष्ट हितसंबंधी आले होते, वर्तमानपत्रवाल्या बाईसुद्धा. ध्वनिक्षेपकाचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हता, पण योजनेत त्याचीही तरतूद होती. सभागृहाच्या मध्यावर अण्णांना उभं केलं होतं. मंचावरून जे सांगितलं जाईल ते त्यांनी मागे वळून मोठ्याने, शब्द न बदलता सांगायचं. तेहतीस वर्षं मजले पुकारलेला आवाज तो, शेवटच्या रांगेत बसलेल्या एका बहिऱ्या आजीलाही ऐकू जात होता.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते, नाव न घालता. जावयाने ते वाचायचे आणि उत्तर द्यायचं. उत्तर एकच मंजूर झालेलं होतं.

"काम सुरू असताना रुग्णांना वर कसं नेणार?"

"या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे."

"सूचनेची नोंद घेण्यात आली आहे," अण्णांनी मागे सांगितलं.

"जिन्याला एका बाजूला कठडा नाही, तो बसवणार का?"

"नोंद घेण्यात आली आहे."

"नोंद घेण्यात आली आहे."

अशा चौदा चिठ्ठ्या झाल्या. मोठे डॉक्टर समाधानाने टाळ्या वाजवत होते. पंधरावी चिठ्ठी उघडली आणि जावयाने अक्षर ओळखलं. घरच्या कॅलेंडरवर गॅस संपल्याची तारीख याच अक्षरात लिहिलेली असते. 'नव्या लिफ्टमध्ये लिफ्टमनला बसायला काय सोय केली आहे? स्टूल तयार आहे, फक्त माप कळावं.'

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. सव्वाचार झाले होते. मोठे डॉक्टर त्याच्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, "नोंद घेतली म्हणा." अण्णा सभागृहाच्या मध्यावर उभे होते, उत्तर मागे पोचवायला तयार, मान किंचित पुढे. आपला प्रश्न आला याचा त्यांना आनंद झाला होता, तो दिसत होता.

"या सूचनेची," जावई म्हणाला आणि थांबला. तो इतका वेळ थांबला की लोक खुर्च्यांवर चुळबुळ करायला लागले. "स्टूल नसेल," तो म्हणाला. "नव्या लिफ्टला लिफ्टमन लागत नाही. ते पद रद्द झालं आहे. बटण ज्याचं त्याने दाबायचं."

पुढच्या रांगांनी माना वळवून अण्णांकडे पाहिलं. मागच्या रांगांना अजून काहीच कळलं नव्हतं, त्याही अण्णांकडेच पाहत होत्या. अण्णा जावयाकडे बघत राहिले. मग मागे वळले.

"नव्या लिफ्टमध्ये स्टूल नसेल," त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं. "लिफ्टमन लागत नाही. ते पद रद्द झालं आहे. बटण ज्याचं त्याने दाबायचं."

शेवटच्या रांगेतल्या आजीने विचारलं, "मग तुम्ही कुठे जाणार?"

या प्रश्नाचं उत्तर अण्णांना कुणी दिलेलं नव्हतं. आपल्या पदरचं घालायचं नव्हतं. ते पुन्हा मंचाकडे वळून उभे राहिले.

"जुन्या केसपेपरांच्या विभागात जागा आहे," जावई म्हणाला. "साध्या कागदावर अर्ज चालतो. आज पाचपर्यंत."

"केसपेपरांच्या विभागात जागा आहे," अण्णा आजीला म्हणाले. "साध्या कागदावर अर्ज चालतो. आज पाचपर्यंत."

मोठ्या डॉक्टरांनी ध्वनिक्षेपक बंद केला, तसा त्याचा उपयोग नव्हताच. उद्या सकाळी केबिनमध्ये या, एवढंच ते जावयाला म्हणाले. सल्लागार वहीत भराभर लिहीत होता. संदेश शेवटच्या रांगेपर्यंत शंभर टक्के पोचला, असं त्याच्या अहवालात पुढे आलं, आणि लिफ्टमन हे अत्यंत परिणामकारक माध्यम असून अन्य प्रकल्पांतही वापरता येईल, अशी शिफारसही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना अण्णा आस्थापनेच्या खिडकीशी उभे राहून अर्ज लिहीत होते. जावयाने वहीतला कागद फाडून दिला होता. पेनही त्याचंच. बाईंनी खिडकीचं दार एका हाताने धरून ठेवलं होतं, घड्याळाने घाई केलीच तर असावं म्हणून. अण्णांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली, कागद आत सरकवला. बाईंनी शिक्का मारला.

"तिथे कुणी येतं का हो?" अण्णांनी त्यांना विचारलं.

"महिन्यातून एखादा," बाई म्हणाल्या. त्यांनी अर्जाची पोच लिहून अण्णांपुढे सरकवली.

दोघं फाटकाकडे निघाले. नेहमीप्रमाणे अण्णा दोन पावलं मागे राहिले. जावई थांबला, तर तेही थांबले. तो पुन्हा चालू लागला.

"कधी कळलं तुम्हाला?" मागून अण्णांनी विचारलं.

"सहा आठवडे झाले."

बस आली. दोघं शेजारी शेजारी बसले. जावयाने दोनदा तोंड उघडलं. सहीचं सांगावं, योजनेचं सांगावं, संगणक तांबडा होतो ते सांगावं, असं त्याच्या मनात होतं. ते सगळं कुठून सुरू करायचं, हे त्याला ठरवता येईना. घराच्या स्टॉपवर उतरल्यावर तो म्हणाला, "अण्णा, हिला आता कसं सांगायचं..."

"तिला मी सांगतो," अण्णा म्हणाले. "आत गेलो की लगेच सांगतो. तुमच्यावर नको, जावईबापू. तुम्हाला फार वेळ लागतो."